पत्र पोचलं, पण कुणाकडे?

‘हल्ली पत्रं पाठवतं तरी कोण?’ असं आजीला हसून विचारणाऱ्यांतली मी. मेल, मेसेज आणि यूपीआयवर दिवस काढणारी. त्यामुळे आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या लाकडी टपालपेट्या रंगकामाच्या निमित्ताने निघाल्या आणि पुन्हा लागल्याच नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते डेबिट कार्डामुळे. कार्ड स्पीड पोस्टाने निघालंय असा बँकेचा मेसेज आला. तीन दिवसांनी ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसायला लागलं. घरात मात्र कार्डाचा पत्ता नाही. आईने घेतलं नव्हतं, आजीने घेतलं नव्हतं, शेजारच्या काकूंनीही नाही. मग घेतलं कुणी?

आमची इमारत वरळी नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. पागडीची. पणजोबा गिरणीत होते तेव्हापासूनची खोली, त्यामुळे या पत्त्यावर राहणारी माझी चौथी पिढी. वर्षभरापूर्वी पुनर्विकासाचा प्रस्ताव आला आणि इमारतीत दोन गट पडले, ‘सही केलेले’ आणि ‘सही न केलेले’. आम्ही दुसऱ्या गटात. नवं घर नको म्हणून नाही. ते मिळेपर्यंतचं भाडं किती आणि किती दिवस, हे करारात नीट लिहिलेलं नव्हतं म्हणून. तेवढं लिहून द्या, लगेच सही करतो, असं बाबा सांगत होते. त्यानंतर मालकाच्या मॅनेजरने आमच्याकडून भाडं घेणं थांबवलं. दर महिन्याला बाबा खाली केबिनमध्ये जायचे, ‘साहेब बाहेर आहेत, पुढच्या महिन्यात द्या’ असं ऐकून परत यायचे. याच सुमाराला टपालपेट्या गेल्या आणि टपाल केबिनमध्ये घेतलं जाऊ लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ट्रॅकिंगची प्रिंट घेऊन मी पोस्टात गेले. तिथल्या ताईंनी नंबर बघून सांगितलं, की पत्र तुमच्या पत्त्यावर दिलंय, घेणारा ‘सिक्युरिटी’. तीच प्रिंट घेऊन केबिनमध्ये गेले. मॅनेजर जागेवर नव्हते. वॉचमनने माझ्याकडे बघितलं, प्रिंटकडे बघितलं आणि काही न बोलता टेबलाचा खालचा खण उघडला. आत रबर लावलेला गठ्ठा होता. त्यात माझं कार्ड होतं. आजीच्या विम्याच्या हप्त्याची सूचना होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दादाचं नोकरीचं पत्र होतं. एकूण पाच घरांचं टपाल आणि पाचही घरं ‘सही न केलेली’. सर्वांत खाली बाबांच्या नावाचा एक लांब पाकीट होता, वर वकिलाचा शिक्का.

नंतर मॅनेजरना विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘कुणी न्यायलाच आलं नाही. आम्ही काय दारोदार वाटत बसायचं?’ हे खोटं आहे हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीही नव्हतं. आजही नाही.

नव्वद दिवसांचं घड्याळ

पाकिटात नोटीस होती. आठ महिन्यांचं भाडं थकलंय, ते भरा, नाहीतर खोली खाली करून घेण्यासाठी दावा लावू. म्हणजे ज्यांनी भाडं घेतलं नाही, त्यांचीच ही नोटीस. आणि ती खणात सव्वीस दिवस पडून होती.

सव्वीस दिवस म्हणजे काय, हे आमच्या वकिलांनी समजावलं तेव्हा बाबा खुर्चीत बसले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, की भाडं थकलं म्हणून मालकाला थेट दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती नोटीस भाडेकरूला पोचल्यापासून नव्वद दिवस थांबावं लागतं. या नव्वद दिवसांत भाडं दिलं, की त्या कारणासाठी दावा टिकत नाही. दावा लागलाच, तर कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून पुन्हा नव्वद दिवस मिळतात, पण मग थकबाकीवर वर्षाला पंधरा टक्के साधं व्याज भरावं लागतं. नीट बघा. दोन्ही घड्याळं सुरू होतात ती कागद हातात पडल्यापासून. म्हणजे ज्याच्या हातात तुमचं टपाल, त्याच्या हातात तुमचं घड्याळ.

‘पण आम्हाला ती मिळालीच नाही ना!’ आई म्हणाली. वकिलांनी मान हलवली. कायद्यात असं गृहीत धरलं जातं, की योग्य पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर टपालाने पाठवलेलं पत्र नेहमी लागतो तेवढ्या वेळात पोचलं. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यातच तसं कलम आहे. हे गृहीतक मोडता येतं, पण मोडायची जबाबदारी पत्र न मिळालेल्यावर येते. ‘मला मिळालं नाही’ हे सिद्ध करायचं कसं? न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही.

आमच्या बाजूने एक मुद्दा होता. भाडेकरूला नोटीस कशी द्यायची, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ व्या कलमात सांगितलंय. टपालाने पाठवा, स्वतःच्या हाती द्या, घरातल्या माणसाला किंवा नोकराला द्या, आणि यातलं काहीच जमलं नाही तर जागेवर दिसेल अशी चिकटवा. वॉचमन आमच्या घरातला नाही. आमचा नोकरही नाही, त्याचा पगार मालक देतो. ‘पाठवणारा मालक आणि घेणाराही मालकाचाच माणूस, हे आपण सांगू शकतो,’ वकील म्हणाले. ‘पण त्यासाठी कोर्टात उभं राहावं लागेल. त्यापेक्षा उरलेले चौसष्ट दिवस वापरा.’

पाणी आहे, वीज आहे, टपाल नाही

मला वाटलं, टपाल अडवणं हा सरळ गुन्हाच असणार. म्हणून कायदे वाचायला बसले. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात मीडिया लॉचा पेपर असतो, त्यापलीकडे मी कधी कायदा हातात धरलेला नव्हता.

भाडे नियंत्रण कायद्यातलं २९ वं कलम वाचून आधी बरं वाटलं. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा मालकाला तोडता येत नाहीत, असं ते म्हणतं. अत्यावश्यक म्हणजे काय, तेही पुढे दिलंय. पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट, साफसफाई. यादी दोनदा वाचली. टपाल त्यात नाही. यादीत नाही म्हणजे हक्कच नाही, असं नाही. पण पाणी तोडलं तर जसं कलमावर बोट ठेवता येतं, तसं इथे ठेवता येत नाही. शिवाय नळ कोरडा पडला की सकाळी सहाला कळतं. टपाल बंद झालेलं महिनोन्‌महिने कळत नाही.

मग टपालाचा कायदा शोधला. १८९८ चा भारतीय टपाल कार्यालय कायदा इंग्रजांच्या काळातला, पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती. दुसऱ्याला मिळायला हवं असलेलं टपाल लबाडीने ठेवून घेणं किंवा मुद्दाम दडवून ठेवणं हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा आता नाही. त्याच्या जागी आलेला टपाल कार्यालय कायदा, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि त्यात जुन्या कायद्यातली गुन्ह्यांची ही सगळी कलमं ठेवलेली नाहीत. आता उरतो तो सर्वसाधारण फौजदारी कायदा. चोरी किंवा दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपल्याकडे ठेवणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेतच. पण तिथे अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. ‘कुणी न्यायलाच आलं नाही’ म्हणणाऱ्याचा हेतू दाखवणार कसा?

तुलनेसाठी अमेरिकेचं बघितलं. तिथे दुसऱ्याचं पत्र त्याच्या हाती पडण्याआधी अडवण्याच्या हेतूने घेणं हा केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तिथला घरमालक किंवा इमारतीचा मॅनेजर त्यातून सुटत नाही. आपल्याकडे एकशे पंचवीस वर्षं अशी तरतूद होती आणि ती नेमकी अशा काळात गेली, जेव्हा प्रत्येक इमारतीच्या गेटवर कुणीतरी बसायला लागलंय.

पोस्टमनकाका वर का येत नाहीत?

राग आधी पोस्टमनकाकांवरच काढला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, ‘गेटवरचा माणूस वर सोडत नाही, मी काय भांडत बसू? पुढे अजून सतरा इमारती आहेत.’ पाठीवरची पिशवी बघून मी गप्प बसले. पूर्वी ते तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचे, आजी त्यांना पाणी द्यायची. आता त्यांनाही गेटवर नाव लिहून सही करावी लागते.

जुन्या कायद्यात, पत्र घरी दिलं किंवा नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याच्याकडे देतात त्याच्याकडे दिलं, की ते तुम्हाला मिळालं असंच धरलं जायचं. कायदा बदलला तरी ही ‘नेहमीची रीत’ बदललेली नाही. तुम्ही हरकत घेतली नाही, तर गेटवर देणं हीच हळूहळू तुमची रीत होऊन बसते.

वरळीत हा प्रश्न पुढे वाढणार आहे. बीडीडी चाळींचंच बघा. शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ चाळींपैकी १२१ एकट्या वरळीत. १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामायिक गॅलरी आणि ‘चाळ नंबर, खोली नंबर’ एवढाच पत्ता. तिथे पत्र चुकलं तरी गॅलरीतून हाक मारून पोचतं केलं जायचं. १४ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठं झालं, हे छानच. पण आता पोस्टमन आणि दार यांच्यामध्ये गेट, लॉबी आणि लिफ्ट आली. टपालपेटी कुठे असेल, तिची किल्ली कुणाकडे असेल, हे कुणीतरी ठरवणार. ते आपण ठरवलं नाही, तर दुसरं कुणी ठरवेल.

गंमत म्हणजे पत्ता शोधण्यात आपण कायम पुढे होतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसामुळे. संस्कृतचे पंडित आणि कवी असलेल्या या अधिकाऱ्याने सहा आकड्यांत अख्खा देश बसवला. ४०००१८ म्हटलं की वरळी. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला, दहा अक्षरांचा. तो देशातला चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन अचूक दाखवतो. म्हणजे आमची खोली नकाशावर बोटभर अंतरातही चुकायची नाही. पत्र मात्र तळमजल्याच्या खणात.

हे फक्त पागडीवाल्यांचं नाही

हे वाचून ‘आम्ही तर रेंटवर राहतो’ म्हणत पान उलटू नका. लोअर परळ-वरळीतल्या ऑफिसांत काम करणारी माझ्या वयाची कितीतरी मुलं पीजीत किंवा अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. पेटीवर नाव मालकाचं, किल्ली मालकाकडे, आणि डिपॉझिटवरून वाद झाला की टपाल त्याच्याकडेच. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीने घर सोडलं तेव्हा डिपॉझिटचा वाद मिटला नव्हता. तिचं पॅनकार्ड जुन्या पत्त्यावर गेलं आणि ‘आधी लाइट बिलाचा हिशेब करा’ असं उत्तर मिळालं. पासपोर्ट, आधार, मतदार ओळखपत्र, बँकेचं कार्ड, कोर्टाचा कागद. पत्रं लिहिणं आपण बंद केलं, पण आपण कोण आहोत हे सांगणारे कागद अजून टपालानेच येतात.

दुसरी बाजूही आहे. सोसायट्यांना सुरक्षेची काळजी असते, कुरिअरच्या नावाखाली कुणीही आत शिरू शकतं. दिवसभर घरात कुणी नसेल तर वॉचमनने टपाल घेतलेलं सोयीचंच पडतं. अनेक इमारतींत तो ते प्रामाणिकपणे देतोही. आमच्या वॉचमननेही शेवटी खण उघडलाच. प्रश्न त्याचा नाही. वाद सुरू असताना एका बाजूचं टपाल दुसऱ्या बाजूच्या खणात जावं का, एवढाच प्रश्न आहे.

मग करायचं काय?

गेल्या काही महिन्यांत आम्ही जे केलं आणि जे शिकलो, ते असं.

पहिलं, पोस्टात लेखी अर्ज. ज्या पोस्टातून तुमच्याकडे वाटप होतं, तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे साध्या कागदावर लिहा : माझं टपाल मला किंवा घरातल्या अमुक व्यक्तींनाच द्यावं, वॉचमन किंवा इमारतीच्या ऑफिसला देऊ नये, त्यांना मी अधिकार दिलेला नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. या एका शिक्क्याने ‘नेहमीची रीत’ मोडते. पुढे वाद झालाच तर दाखवायला तारीख असते.

दुसरं, स्वतःची कुलपाची पेटी आणि तिच्यावर नाव. तिचा फोटो काढून ठेवा.

तिसरं, पाठवण्याचा प्रकार. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. साधं स्पीड पोस्ट ‘पत्त्यावर’ दिलं जातं, म्हणून तिथे ‘सिक्युरिटी’ची सही चालून जाते. पाठवणाऱ्याने थोडे जादा पैसे देऊन रजिस्ट्रेशन घेतलं, तर ते त्याच व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यावं लागतं. ओटीपी सांगितल्यावरच देण्याचीही सोय आहे. महत्त्वाचं काही मागवताना पाठवणाऱ्याला हे सांगा.

चौथं, तक्रार. टपाल खात्याची मोफत हेल्पलाइन १८०० २६६ ६८६८. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही नोंद करता येते. पत्र नेमकं कुणी सही करून घेतलं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. फी दहा रुपये आणि ती पोस्टल ऑर्डरने भरता येते. इमारतीत कुणी टपाल अडवतंय याची खात्री असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याचीही पोच घ्या. सोसायटी असेल तर आधी कमिटीला पत्र, मग उपनिबंधक.

पाचवं, वाद पेटलेला असेल तर टपालाचा रस्ताच बदला. पोस्टात पेटी भाड्याने मिळते. घर बदलत असाल तर टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज देता येतो. जुन्या पत्त्यावर कार्ड गेल्यावर जागं होण्यात अर्थ नाही.

सहावं, हे आपल्या पिढीने करायचं काम. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. मी महिन्यातून एकदा बाबांचं आणि आजीचं नाव टाकून बघते. कोर्टाचा कागद कुणाच्या खणात अडकला, तरी दावा लागलाय हे निदान कळेल.

नकारही पोचतो

चौसष्ट दिवस आम्ही वाया घालवले नाहीत. वकिलांच्या सांगण्यावरून बाबांनी नोटिशीला उत्तर दिलं आणि थकलेल्या सगळ्या भाड्याचा चेक मालकाच्या ऑफिसला पाठवला. नवव्या दिवशी पाकीट परत आलं. वर शेरा : ‘घेण्यास नकार’.

बाबांचा चेहरा पडला. वकील मात्र पहिल्यांदा हसले. ‘उघडू नका,’ म्हणाले, ‘असंच बंद ठेवा.’ योग्य पत्त्यावर आलेलं पत्र घ्यायला नकार दिला, तर ते मिळालं असंच कोर्ट धरतं. जे गृहीतक आमच्या अंगावर आलं होतं, तेच आता त्यांच्याही दाराशी गेलं. भाडं द्यायला आम्ही तयार होतो आणि त्यांनी घेतलं नाही, हे त्या बंद पाकिटावर टपाल खात्याच्या शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे. ते पाकीट आजीच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूखाली ठेवलंय.

वाद मिटलेला नाही. सही आम्ही अजून केलेली नाही, कारण ते कलम अजून कुणी लिहून दिलेलं नाही. मॅनेजर रोज दिसतात. पण आमच्या दाराबाहेर आता पत्र्याची एक पेटी आहे. पाचही घरांच्या दारांबाहेर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दादाने सगळ्यांसाठी एकदम आणल्या. त्याची नोकरी वाचली, कंपनीने आठवडाभराची मुदत वाढवून दिली. पोस्टात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत आम्ही केबिनमध्येही नेऊन दिली. तेव्हापासून पोस्टमनकाकांना कुणी खाली अडवत नाही. ते तिसऱ्या मजल्यापर्यंत येतात आणि आजी त्यांना पाणी देते.

आज घरी जाल तेव्हा एक मिनिट खाली थांबा. तुमच्या इमारतीतली टपालपेटी कुठे आहे, तिच्यावर तुमचं नाव आहे का, किल्ली कुणाकडे आहे, हे बघा. नाव नसेल तर आधी ते लिहा.